श्वानाची एकादशी

कोणत्याही वस्तूची प्रशंसा दोन मार्गांनीं करतां येते. तिच्यांत काय आहे हें सांगणें हा एक मार्ग. तिच्यांत काय नाहीं हें सांगणें हा दुसरा. पहिला मार्ग कष्टाचा आहे. कारण जें आहे म्हणून सांगावयाचें तें दाखवावें लागतें, तोलून द्यावें लागतें आणि त्यासाठीं पदरचें खर्चावें लागतें. दुसऱ्या मार्गाला यांतलें कांहींच लागत नाहीं. एखाद्या वाण्यानें 'आमच्या तुपांत डालडा नाहीं' अशी पाटी लावली म्हणून तें तूप चांगल्या लोण्याचें ठरत नाहीं. तरी पाटी वाचून आंत शिरणारांची संख्या वाढते, हा अनुभव कोणास नाहीं? अलीकडे या नकारात्मक प्रशंसेला मोठा बहर आला आहे. बिस्किटांत मैदा नाहीं, सरबतांत साखर नाहीं, साबणांत रंग नाहीं. या मालिकेंत आतां आणखी एका मालाची भर पडली असून तो माणसांसाठीं नव्हे, तर घरांतल्या कुत्र्यासाठीं आहे. त्याच्या पिशवीवर ठळक अक्षरांनीं छापलेलें असतें कीं, यांत धान्य नाहीं.

हा माल मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांतूनच खपतो अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडून द्यावी. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे लोक घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग करतात. घाटावर चिखली, मेहकर, लोणार. घाटाखालीं खामगांव, मलकापूर, शेगांव. मोबाइलवर बोट टेकलें कीं दोन्ही भागांत चार-सहा दिवसांत पिशवी दारांत येऊन पडते. ज्या जिल्ह्यांत ज्वारी, तूर, हरभरा आणि आतां सोयाबीन हेंच घरोघरचें बोलणें, त्याच जिल्ह्यांत धान्य नसणें हा गुण म्हणून विकला जावा याची प्रथम गंमत वाटते. परंतु नुसती गंमत वाटून विषय संपत नाहीं. कारण तो माल ज्याच्या पोटांत जावयाचा त्या मुक्या प्राण्याला त्याविषयीं तक्रार करतां येत नाहीं.

आमचें घर एकत्र कुटुंबाचें. दोन्ही वेळां पानावर चौदा माणसें. दोन वर्षांपूर्वीं धाकट्या बंधूंच्या चिरंजीवानें पुण्याहून येतांना लॅब्राडॉर जातीचें एक पिल्लू आणलें. त्याचें इंग्रजी नांव उंबऱ्याबाहेरच राहिलें आणि आमच्या मातोश्रींनीं ठेवलेलें 'मोती' हें नांव कायम झालें. गेल्या पावसाळ्यांत मोतीच्या अंगाला खाज सुटली. पोटाखालचे आणि शेपटीजवळचे केस गेले, कातडी लाल झाली. रात्रभर ओटीवर त्याच्या खाजविण्याचा आवाज येई. पुतण्यानें कोठेंतरी वाचलें कीं, कुत्रा हा मूळचा लांडगा, त्याला धान्य पचत नाहीं, आणि खाज, केस गळणें, अपचन या साऱ्यांचें मूळ धान्यांतच आहे. झालें, आठवड्याच्या आंत धान्यविरहित अन्नाची मोठी पिशवी दारांत आली. तिच्या किमतींत घराची महिन्याची ज्वारी येऊन वर कांहीं उरलें असतें, असा हिशेब वहिनींनीं तोंडींच केला. मातोश्रींचें म्हणणें निराळें. "आमच्या वेळचीं कुत्रीं दूध-भाकरीवर बारा-बारा वर्षें जगलीं, मग या मुक्या जिवालाच अन्न कसें बाधलें रे?" पुतण्या म्हणाला, "आजी, आतां त्यावर शास्त्र झालं आहे." दोन्ही पक्ष मोतीच्या मायेनेंच बोलत होते आणि म्हणूनच वाद मिटेना. शेवटीं, पक्षपात न करतां या पिशवीची परीक्षा करावी, असें काम आमच्याकडे आलें. मालाचें नांव येथें देत नाहीं. कारण जें सांगावयाचें आहे तें एका नांवाचें नसून त्या वर्गांतील बहुतेक मालास लागू पडणारें आहे.

परीक्षेचा आरंभ शब्दापासून करावा लागतो. 'धान्य' म्हणजे काय? आमच्या जिल्ह्यांत जळगांव जामोद तालुक्यांतील भेंडवळ या गांवीं अक्षय्यतृतीयेच्या संध्याकाळीं घटमांडणी होते. शेतांत घट मांडून भोंवतीं अठरा प्रकारचीं धान्यें ठेवतात आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे त्यांच्या स्थितीवरून पिकापाण्याचें भाकीत सांगतात. भाकिताच्या खरेखोटेपणाचा प्रश्न येथें नाहीं. आम्हांस त्या अठरांची यादी पाहावयाची आहे. तींत ज्वारी, बाजरी, गहू आहेत. तशींच तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर आणि वाटाणाही आहेत. आपल्या भाषेंत ज्वारी-गहूं हीं तृणधान्यें आणि तूर-मसूर हीं कडधान्यें. धान्य हा शब्द दोहोंच्याही अंगीं आहे. इंग्रजी भाषेंत मात्र जो शब्द पिशवीवर येतो तो केवळ गवताच्या जातीच्या दाण्यांना, म्हणजे गहूं, तांदूळ, मका, ज्वारी यांना लागतो. तेव्हां पिशवीवरच्या प्रतिज्ञेचा अर्थ इतकाच कीं, आंत तृणधान्य नाहीं. मग आंत आहे काय? आम्हीं आणलेल्या पिशवीच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत लिहिलेलें होतें : कोंबडीचें मांस, वाटाणे, मसूर, वाटाण्याचें पिष्ट, बटाटा, टॅपिओका, जवस, इत्यादि. भेंडवळच्या शेतांत ही पिशवी नेऊन उघडली असती तर तिच्यांतून निदान दोन धान्यें घटाभोंवतीं मांडतां आलीं असतीं.

यादी मोठ्यानें वाचून झाल्यावर मातोश्री हंसून म्हणाल्या, "अरे, हें धान्य नसलेलं कसलं? ही तर मोतीची एकादशी!" त्या बोलण्यांत विनोद होता, पण तितकेंच तथ्यही होतें. एकादशीला आपल्याकडे धान्य वर्ज्य असतें. म्हणून भात गेला, पोळी गेली; आणि त्यांच्या जागीं साबुदाणा, बटाटा, रताळें आणि भगर आली. यांपैकीं भगर, जिला पुण्याकडे वरी म्हणतात, ती वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें तृणधान्यच होय. आणि साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचें जवळजवळ शुद्ध पिष्ट. व्रताला हें चालतें, कारण व्रताचा हेतु नियम पाळण्याचा आहे, पिष्ट टाळण्याचा नाहीं. परंतु एखाद्या मधुमेह्यानें 'मी आज धान्य खाल्लें नाहीं' या भरंवशावर दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर त्याचे वैद्य त्याला काय म्हणतील? 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच घरांत जन्मलेली आहे. धान्यविरहित श्वानान्नाचें गुपित या म्हणींत पुष्कळ अंशीं सांपडतें. कोरड्या अन्नाच्या गोळ्या आकारांत टिकण्यासाठीं त्यांत पिष्ट लागतेंच. तांदळाचें काढलें तर बटाट्याचें, मक्याचें काढलें तर टॅपिओकाचें येतें.

हें केवळ बोलणें राहूं नये म्हणून एक साधा हिशेब सांगतों. तो घरांतील शाळकरी मुलासही जमेल. पिशवीवर प्रथिनें, स्निग्धांश, चोथा आणि ओलावा यांचे शेंकडा आंकडे छापलेले असतात. पिष्टाचा आंकडा बहुधा नसतो. छापलेल्या आंकड्यांची बेरीज करावी, तींत राखेचा, म्हणजे क्षारांचा, आंकडा मिळवावा (तो दिलेला नसेल तर आठ धरावा) आणि ती बेरीज शंभरांतून वजा करावी. उरेल तें स्थूलमानानें पिष्ट व शर्करा. आमच्या पिशवीचे आंकडे असे होते : प्रथिनें २६, स्निग्धांश १४, चोथा ४, ओलावा १०, राख ८, बेरीज ६२, बाकी ३८. त्याच दिवशीं बाजारांतून तांदूळ घातलेल्या साध्या अन्नाची पिशवी आणविली. तिचे आंकडे : प्रथिनें २४, स्निग्धांश १२, चोथा ४, ओलावा १०, राख ८, बेरीज ५८, बाकी ४२. म्हणजे धान्य असण्यांत आणि नसण्यांत शेंकडा चारच भागांचा फरक निघाला. आणि दर किलोच्या भावांत मात्र तिपटीचा. ही वजाबाकी पाटीवर मांडली तेव्हां पुतण्या बराच वेळ पाटीकडे पाहत बसला. तो हुशार मुलगा आहे; हिशेब त्यानें स्वतः पुन्हा करून पाहिला आणि मग पाटी आजीपुढें सरकविली.

यासंबंधानें आणखी एक सूचना उपयोगाची आहे. कोरड्या पिशवीचे आणि ओल्या डब्याचे आंकडे परस्परांशीं थेट ताडून पाहूं नयेत. डब्यावर प्रथिनें ८ आणि ओलावा ७८ असें लिहिलेलें असेल तर कोरडा भाग उरला २२. त्यांत ८ म्हणजे शेंकडा ३६ हून अधिक झालीं. पाणी काढून टाकून मगच तुलना करावी. अमेरिकेंतील पशुखाद्य-नियंत्रकांच्या संघटनेनें वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याच्या अन्नांत, पाणी वगळून, प्रथिनें शेंकडा १८ आणि स्निग्धांश ५.५ हून कमी नसावेत असें किमान प्रमाण ठरविलें आहे. पिल्लांसाठीं तेच आंकडे २२.५ आणि ८.५ आहेत. या कसोटीला आमच्या दोन्ही पिशव्या उतरत होत्या.

पदार्थांची यादी वाचण्याचीही एक युक्ति आहे. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें लावलेली असते, म्हणून पहिल्या जागीं मांसाचें नांव पाहून ग्राहक संतुष्ट होतो. परंतु ताज्या मांसांत सुमारें सत्तर टक्के पाणी असतें. गोळी भाजून कोरडी झाली म्हणजे त्या पहिल्या नंबरवाल्याचें वजन बरेंच उतरतें. शिवाय वाटाणे, वाटाण्याचें पीठ, वाटाण्याचें प्रथिन, वाटाण्याचा चोथा असे एकाच दाण्याचे चार भाग करून चार जागीं लिहिले म्हणजे प्रत्येक भाग मांसाच्या खालीं जातो. चौघां भावांचें उत्पन्न निरनिराळें दाखवून घर गरीब ठरवावें, तसाच हा प्रकार आहे. एकत्र कुटुंबांतील वाचकांनीं ती चार नांवें एका चुलीवर आणून मग क्रम लावावा.

आतां, कुत्रा हा लांडगा आहे काय, या प्रश्नाकडे वळूं. वंशानें तो लांडग्याच्या कुळांतला आहे यांत संशय नाहीं. परंतु हजारों वर्षें माणसाच्या दारांत राहून त्याचें पोट बदललें. २०१३ सालीं स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनीं 'नेचर' या नियतकालिकांत प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें दाखविलें कीं, पिष्ट पचविणारा रस निर्माण करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यांत सामान्यतः दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. पुढील शोधांत असेंही आढळलें कीं, शेती करणाऱ्या समाजांबरोबर राहिलेल्या कुत्र्यांत या प्रती अधिक, आणि बर्फाळ प्रदेशांतील हस्की किंवा ऑस्ट्रेलियांतील डिंगो यांच्यांत कमी. याचा अर्थ असा कीं, शिजविलेलें धान्य पचविण्याची शक्ति कुत्र्यानें माणसाच्या शेताच्या बांधावरच मिळविली आहे. दुकानांत विकण्यासाठीं तयार झालेलें पहिलें श्वानान्न, जें १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट यानें लंडनमध्यें काढलें, तेंही गव्हाचेंच बिस्किट होतें.

मग धान्याविषयीं ही भीति आली कोठून? तिला एक खरें कारण घडलें आहे, आणि तें न सांगणें अन्यायाचें होईल. २००७ सालीं अमेरिकेंत कुत्र्यामांजरांचीं अन्नें फार मोठ्या प्रमाणावर बाजारांतून परत घ्यावीं लागलीं. कारण चीनमधून आलेल्या गव्हाच्या प्रथिनांत मेलामाइन नांवाचें रसायन मिसळलेलें निघालें आणि अनेक प्राणी मूत्रपिंड निकामी होऊन मेले. पुढें २०२०-२१ च्या हिवाळ्यांत त्याच देशांत बुरशीचें विष असलेलें अन्न खाऊन शंभरांहून अधिक कुत्रीं दगावल्याच्या नोंदी झाल्या. हें विष पावसांत भिजलेल्या मक्यावर व भुईमुगावर धरणाऱ्या बुरशीचें असतें. आपल्या शेतकऱ्यांस तिची ओळख नव्यानें करून द्यावयास नको. परंतु या दोन्ही प्रसंगीं दोष भेसळीचा आणि निष्काळजीपणाचा होता. भिजलेल्या कणसाचा राग सर्व धान्यजातीवर काढणें म्हणजे एका भटाच्या चुकीसाठीं पंचांग फाडण्यासारखें आहे.

खाजेचें काय, असें पुतण्यानें विचारलें. प्रश्न रास्त होता. अन्नामुळें कुत्र्यांस खाज सुटते ही गोष्ट खोटी नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनांत अशा २९७ कुत्र्यांची छाननी आहे. त्यांत गोमांसानें शेंकडा ३४, दुधाच्या पदार्थांनीं १७, कोंबडीनें १५ आणि गव्हानें १३ कुत्र्यांस त्रास झाल्याचें आढळलें. गहूं यादींत आहे, पण चौथ्या जागीं. आणि ज्या कोंबडीसाठीं आम्हीं तिप्पट दाम मोजला ती त्याच्या आधीं. दूध-भाकरींतल्या भाकरीवर ज्यांचा रोष असेल त्यांनीं दुधाकडेही एकदां पाहावें. शिवाय अन्नाची बाधा ओळखण्याचा खरा मार्ग एकच आहे : पशुवैद्याच्या देखरेखीखालीं कुत्र्यानें पूर्वीं कधीं न खाल्लेलें एकच अन्न निदान आठ आठवडे द्यावें, दुसरा घांसही देऊं नये, आणि मग जुनें अन्न परत देऊन पाहावें. एकत्र कुटुंबांत हें व्रत एकादशीहूनही कठीण. कारण चौदा हातांपैकीं एक तरी हात पंगतीखालीं जातोच. तथापि बहुतेक कुत्र्यांची खाज अन्नाची नसते. ती पिसवांची, गोचिडांची, बुरशीची किंवा धुळीची असते.

या विषयांतील सर्वांत गंभीर भाग हृदयाचा आहे. २०१८ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें जाहीर केलें कीं, ज्या अन्नांत वाटाणा, मसूर इत्यादि कडधान्यें किंवा बटाटा हे मुख्य घटक आहेत, तें खाणाऱ्या कुत्र्यांत हृदय फुगून दुबळें होण्याचा रोग आढळत असून त्याची चौकशी चालू आहे. ज्या जातींत हा रोग एरव्हीं विशेष नसतो अशांतही तो दिसत होता. २०१४ च्या जानेवारीपासून २०१९ च्या एप्रिलअखेर कुत्र्यांसंबंधींच्या ५१५ नोंदी झाल्या. त्यांतील अन्नांपैकीं शेंकडा ९० हून अधिक धान्यविरहित होतीं आणि शेंकडा ९३ मध्यें वाटाणा किंवा मसूर किंवा दोन्ही होते. २०२२ च्या नोव्हेंबरपर्यंत नोंदींची संख्या १,३८२ झाली. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस प्रशासनानें असेंही सांगितलें कीं, एवढ्या नोंदींवरून अन्न हेंच कारण असें सिद्ध होत नाहीं. गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्राडॉर या जातींचीं नांवें यादींत वर असलीं तरी तीं घरोघर पाळलींही जातात. तेव्हां घाबरून जाण्याचें कारण नाहीं. मात्र कांहीं कुत्र्यांचें हृदय अन्न बदलल्यावर सुधारलें, हीही नोंदलेली गोष्ट आहे आणि ती दृष्टीआड करतां येत नाहीं.

हें कशामुळें घडत असावें याविषयीं एक तर्क असा आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघरांतून चांगला समजतो. हृदयाच्या स्नायूला टॉरिन नांवाचें द्रव्य लागतें. मांजराला तें अन्नांतूनच मिळावें लागतें. तें कमी पडल्यास मांजराचें हृदय फुगतें, हें १९८७ सालीं अमेरिकेंतील डेव्हिस येथील पशुवैद्यांनीं दाखविलें. कुत्रा तें आपल्या शरीरांत तयार करतो, परंतु त्यासाठीं त्याला मेथिओनिनसारखीं अमिनो आम्लें लागतात. आणि कडधान्यांत नेमकें मेथिओनिन कमी असतें. तृणधान्यांत तें त्या मानानें बरें असतें, पण लायसिन कमी. म्हणून आपल्या पूर्वजांनीं वरण आणि भात यांची जोडी लावून दिली. एकाचें उणें दुसऱ्यानें भरून निघतें. धान्यविरहित अन्न म्हणजे या जोडींतून भात उठवून वरणच वाढीत राहण्यासारखें आहे. मात्र आजारी कुत्र्यांपैकीं पुष्कळांच्या रक्तांत टॉरिन पुरेसें आढळलें, म्हणून हाच एक तर्क सर्वस्वीं खरा असें कोणीही म्हणत नाहीं.

येथपर्यंत वाचून मातोश्रींच्या पक्षाचा जय झाला असें वाचकांस वाटेल. तसें नाहीं. 'आमच्या वेळचीं कुत्रीं दूध-भाकरीवर जगलीं' हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. त्या वेळचा कुत्रा दाराशीं भाकरी खाऊन दिवसभर गांव फिरत असे. शेतांतले उंदीर, मेलेल्या जनावराचें मांस आणि सांगूं नये असें बरेंच कांहीं तो बाहेर खाऊन येई, आणि मालकीणबाई समजत कीं हा माझ्या भाकरीवर पुष्ट झाला. आजचा मोती साखळीला बांधलेला. त्याला जें ताटलींत पडेल तेंच त्याचें जग. नुसत्या दूध-भाकरींत त्याला पुरेशीं प्रथिनें मिळत नाहींत. चुन्याचें व इतर क्षारांचें प्रमाणही नीट साधत नाहीं. बारा वर्षें जगलेलीं कुत्रीं आठवणींत राहतात. चौथ्या वर्षीं गेलेल्यांची आठवण कोणी ठेवीत नाहीं. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले ही कथा आपण मुलांस सांगतों. त्यांतील भक्तीला वंदन करून आम्ही एवढेंच म्हणतों कीं, कोरड्या भाकरीनें त्या जिवाचें भागावयाचें नाहीं, हें त्या कथेंतही दिसतें. आणि मायेनें वाढतांना बेदाणे घातलेला लाडू, कांदा व चॉकलेट कुत्र्यापुढें कधींही ठेवूं नये. तीं त्याला विषासमान आहेत.

तर मग चांगलें अन्न कोणतें, हें ओळखावें कसें? जगांतील पशुवैद्यांच्या संघटनेनें ग्राहकांनीं कंपनीस विचारावयाचे प्रश्न सुचविले आहेत. त्यांतले पांच आम्हीं निवडले. अन्नाची योजना कोणी केली आणि त्याचें शिक्षण काय? माल स्वतःच्या कारखान्यांत होतो कीं दुसऱ्याकडून करवून घेतला जातो? हें अन्न कोणत्या वयासाठीं पूर्ण व समतोल आहे, आणि तें कागदावरच्या हिशेबानें ठरविलें कीं प्रत्यक्ष कुत्र्यांस खाऊं घालून? प्रत्येक घाण्याची बुरशीच्या विषासाठीं तपासणी होते काय? आणि एका किलोंत उष्मांक किती? हे प्रश्न आम्हीं पिशवीवरच्या पत्त्यावर नम्रपणें लिहून पाठविले. दहा दिवसांनीं उत्तर आलें. आपल्या लाडक्या मित्राविषयींचें आपलें प्रेम पाहून आम्ही भारावून गेलों आहों, असें त्यांत होतें, आणि सोबत पुढील खरेदीवर दहा टक्के सूट होती. पांचांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर नव्हतें. साध्या अन्नाच्या कंपनीस तेच पत्र गेलें होतें. तिनें चार उत्तरें धाडलीं आणि पांचव्याविषयीं, तपासणी महिन्यांतून किती वेळां होते तें सांगतां येणार नाहीं, असें सरळ लिहिलें. मालाची परीक्षा करतांना आम्हांस या पत्राचें मोल पिशवीवरच्या चित्रांतील लांडग्याहून अधिक वाटलें.

एक गोष्ट कारखान्याच्या हातची नाहीं, ती आपल्या हातची आहे. आमच्याकडे घाटाखालीं वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत जातो. स्निग्धांश अधिक असलेलें अन्न अशा उन्हांत पत्र्याच्या खोलींत राहिलें तर त्यास खवट वास धरतो. म्हणून स्वस्त पडतें या मोहानें मोठें पोतें न घेतां महिन्या-दीड महिन्यांत संपेल एवढीच पिशवी घ्यावी, तयार झाल्याचा महिना वाचावा, आणि अन्न मूळ पिशवींतच, तोंड बांधून, थंड जागीं डब्यांत ठेवावें.

मोतीची हकीकत थोडक्यांत सांगतों. जिल्ह्याच्या गांवच्या पशुवैद्यांनीं त्याची कातडी खरवडून तपासली, केस उलटे फिरविले आणि पिसवांचें बिऱ्हाड दाखवून दिलें. त्यांवर औषध झालें. ओटी, गोणपाट, कोपरे स्वच्छ केले. अन्नाविषयीं त्यांनीं दोन्ही पिशव्यांचीं नांवें वाचून साधी पसंत केली, आणि बदल एकदम न करतां आठ-दहा दिवसांत थोडें थोडें मिसळून करावा असें सांगितलें. हृदयाचे ठोके ऐकून ते ठीक आहेत म्हणाले. पुढें दम लागणें, खोकला किंवा मूर्च्छा असें कांहीं दिसलें तर अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेंत दाखवावें, हेंही बजावलें. दीड महिन्यांत नवे केस उगवूं लागले. पुतण्या आठवड्यांतून दोनदां पडवींतल्या निराळ्या स्टोव्हवर त्याच्यासाठीं अंडें उकडतो. मातोश्री त्या वेळीं देवघरांत असतात. त्यांच्या हातची चतकोर भाकरी मोतीला रोज मिळते, त्याहून अधिक नाहीं, आणि तो करार त्यांनीं स्वतः मान्य केला आहे.

दोन पिढ्यांचा वाद एका वजाबाकीनें मिटला असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु दोघांनीं एकाच पाटीवर हिशेब केला ही गोष्ट लहान नाहीं. तरुणांनीं शास्त्राचें नांव घेतलें तर त्यांस शास्त्राचें पान उघडावयास सांगावें. वडिलांनीं अनुभवाचें नांव घेतलें तर त्या अनुभवांतला न दिसलेला भागही मोजावा. कुत्र्यास पिशवी वाचतां येत नाहीं. तो आपल्या हाताकडे पाहतो आणि जें पुढें येईल तें विश्वासानें खातो. तेव्हां वाचण्याचें काम सर्वस्वीं आपलें. आणि तें पुढच्या बाजूच्या ठळक अक्षरांपाशीं न थांबतां मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांपर्यंत न्यावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.